कपाळावरचा घाणा

ऑफिसच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला गेलो, तर फोटोवाल्याने तीनदा फ्लॅश मारला आणि तीनदा मान हलवली. "काका, कपाळ फार चमक मारतंय." त्याने दिवे हलवले, छत्री फिरवली आणि शेवटी आरशाखालचा सार्वजनिक नॅपकिन पुढे केला. त्यावर माझ्याआधी किती कपाळं पुसून गेली असतील, हे विचारायचा धीर झाला नाही.

चेहरा तेलकट आहे हे मला नवीन नव्हतं. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याला ते रोज कळतं. गर्दीत आपलं कपाळ पुढच्याच्या पाठीला टेकतं. तो दादरला उतरतो तेव्हा त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक गोल असतो. पण बेचाळिसाव्या वर्षी पुटकुळ्याही? आपल्याकडे त्यांना तारुण्यपीटिका म्हणतात. माझं तारुण्य कधीच ठाण्याला उतरून गेलं, पीटिका मात्र अजून खिडकी धरून बसल्यात.

आईने मुलतानी माती कालवली. लोकरीतली मेंढीची चरबी काढायलाही पूर्वी अशीच माती वापरत, म्हणजे मेंढी आणि मी एकाच धुलाईचे. लेप वाळला, चेहरा दुष्काळातल्या शेतासारखा भेगाळला आणि नेमका तेव्हाच कुरियरवाला आला. त्याने सही न घेताच पाकीट दिलं. मग बायकोने लिंबू सुचवलं. ते चोळून मी भर उन्हात भाजी आणायला गेलो. लिंबाचा रस आणि ऊन यांचं वैर मला माहीत नव्हतं. कपाळाची आग आग झाली आणि वर काळपट डाग पडले. कपाळ मात्र चमकत होतंच.

अशात पुण्याची भाची सुट्टीला आली. "मामा, तुझं रूटीन काय आहे?"

"सातची लोकल, नऊला ऑफिस..."

"स्किनचं रे!"

आठवड्यात घरात सात बाटल्या आल्या. नायसिनमाइड 10 टक्के, सॅलिसिलिक अॅसिड 2 टक्के. वडिलांना वाटलं मुदत ठेवीचे दर आहेत. पहिली पायरी म्हणे चेहरा तेलाने धुणे. "तेल काढायला तेल? मग शेंगदाण्याचं आहे की घरात," बायको म्हणाली. पुढचा नियम असा, की पातळ आधी, घट्ट नंतर. हे मला पटकन समजलं: सार, मग वरण, मग पिठलं. पण प्रत्येक थर मुरेपर्यंत थांबायचं होतं आणि लोकल थांबत नव्हती. तीन आठवड्यांत गाल सोलवटले, हनुवटी लाल झाली. तेलही गेलं, तूपही गेलं म्हणावं, तर तेल गेलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी बाटल्यांची पिशवी बघितली आणि तोंडावर हात धरून हसल्या. सातातल्या पाच बाटल्या त्यांनी बाजूला सारल्या. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, जेलचं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. बस. "एवढ्या तेलावर आणखी मॉइश्चरायझर?" मी कळवळून विचारलं. त्या म्हणाल्या, "तेल असलं म्हणून कातडीत पाणी असतंच असं नाही." तेलाच्या ग्रंथी अंगभर असतात, फक्त तळहात आणि तळपायांना नसतात, असंही कळलं. म्हणजे आग तेवढी तळपायाची मस्तकात जाते, तेलाचा कारखाना मुळात वरच. पुटकुळ्यांसाठी रात्री लावायला बेंझॉइल पेरॉक्साइडचं 2.5 टक्क्यांचं जेल मिळालं. "टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा वापरा बरं का," असं त्या दारापर्यंत येऊन म्हणाल्या. मी हो म्हणालो. बायको काही सांगते तेव्हा म्हणतो, तसं.

सनस्क्रीन दोन बोटं भरून लावायचं. आधीच्या आयुष्यात मी दंतमंजनसुद्धा एवढं वापरलेलं नाही. पहिल्या दिवशी शिपायाने विचारलं, "साहेब, नाटकात काम करताय?" दुसऱ्या दिवशी गाडीत घाम सुटला, ते पांढरं ओघळून डोळ्यांत गेलं आणि मी मुलुंडपासून घळाघळा रडायला लागलो. समोरच्या तिघांनी काही न बोलता सरकून मला चौथी सीट दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! तेव्हापासून सनस्क्रीन मी चुकवलेलं नाही.

पुटकुळ्या दोन-तीन महिन्यांत खरंच ओसरल्या. पण आईचा गडद निळा टॉवेल, आत्याने वास्तुशांतीला दिलेला, जागोजाग फिका पडायला लागला. आई आधी साबणाच्या पावडरीवर घसरली, दुकानदाराशी भांडून आली. मी पेपरात डोकं घालून बसलो. एका रविवारी तिने तो गॅलरीत उजेडासमोर धरला. वर एक रुंद पट्टा, खाली दोन गोल, त्याखाली एक छोटा. तिने टॉवेलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा टॉवेलकडे.

आता त्याची फडकी झाली आहेत. रोज सकाळी माझे दोन्ही गाल मोरीपासून देवघरापर्यंत फरशीवरून फरफटत जातात. कपाळाचा तुकडा मात्र तिने गॅसच्या ओट्यासाठी राखून ठेवलाय. तेलकटपणा चांगला निघतो म्हणे.