एमएस्सी झालेल्या पोरांनो, सीएचबीच्या आशेवर बसू नका

एमएस्सीचा निकाल लागला की घरचे विचारतात, "मग प्राध्यापक कधी होणार?" सोलापुरात बायोटेक, मायक्रो, बॉटनी, झूलॉजी केलेल्या बहुतेक मुलामुलींना एवढी एकच वाट माहीत असते. नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा काढायची, आणि तोवर कुठेतरी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घ्यायचे. तास झाला तर पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि झालेल्या तासांचे पैसे कधी हातात पडतील याचा नेम नाही. यात हुशार पोरांची उमेदीची वर्षं जातात, याचा मला मनापासून राग येतो.

संशोधनातल्या कितीतरी जागा पेपरात येतच नाहीत. एखाद्या शास्त्रज्ञाला डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) नाहीतर आयसीएमआरचा (वैद्यकीय संशोधन परिषद) प्रकल्प मंजूर होतो, त्यात प्रोजेक्ट असोसिएट, म्हणजे प्रकल्पापुरता संशोधन सहायक, लागतो. जाहिरात संस्थेच्या वेबसाइटवर थोडे दिवस दिसते आणि मुदत संपते. यातल्या अनेक जागांना नेट लागत नाही, एमएस्सी चालते. पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञान), आघारकर, एनसीएल (रसायन), आयसर, एनआयव्ही (विषाणू) या संशोधन संस्था आहेत. आपल्या सोलापूरच्या केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) अशा केंद्रांत यंग प्रोफेशनलच्या कंत्राटी जागा निघतात, बऱ्याचदा थेट मुलाखतीनं. या सगळ्यांची भरतीची पानं दर आठवड्याला उघडून बघा.

आणि बायोडाटा नीट लिहा, हे तर हात जोडून सांगतो. परवा एका मुलीनं तिचा दाखवला. वडिलांचं पूर्ण नाव, छंद, रांगोळी स्पर्धेचं बक्षीस, सगळं होतं. प्रबंधाबद्दल एकच ओळ : "प्रोजेक्ट पूर्ण केला." खोदून विचारलं तर कळलं, तिनं डाळिंबाच्या तेल्या रोगाचे जिवाणू पानांवरून वेगळे केले होते, डीएनए काढून पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) केला होता, डीएनएचे तुकडे वेगळे करणारा जेल स्वतः चालवला होता. अगं, हेच तर पहिल्या ओळीत हवं! प्रकल्पावर माणूस घेणारा शास्त्रज्ञ तुमच्या हाताला काय येतं ते बघतो. त्याला ईमेल करताना एकाच वेळी पन्नास जणांना "रिस्पेक्टेड सर" पाठवू नका. त्याचा एखादा पेपर वाचा, त्यातलं काय करायला आवडेल ते चार ओळींत लिहा.

नेट सोडा असं मी म्हणत नाही. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. पण विज्ञान विषयांच्या सीएसआयआर नेटमधल्या लाइफ सायन्सेसच्या पेपरात सी भागातले ७५ पैकी २५च प्रश्न सोडवायचे असतात, १०० गुण त्यांचेच. सगळा अभ्यासक्रम वरवर चाळण्यापेक्षा मोजके विषय मुळापासून करा. प्रकल्पावर काम करता करता हा अभ्यास होतो. उलट प्रयोगशाळेत हात चालू राहिला की सी भागातले प्रयोगांवरचे प्रश्न लवकर उमगतात.

आपल्या प्राध्यापकांना एक कळकळीची विनंती. विभागातल्या एकाकडे तरी हे काम सोपवा : दर सोमवारी नव्या जाहिराती शोधायच्या आणि एमएस्सीच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकायच्या. आधीच्या बॅचची मुलंही त्या ग्रुपवर ठेवा, कारण खरी गरज निकालानंतरच लागते.