माझ्या सायकलचं पीयूसी

सोमवारी संध्याकाळी घरी निघताना सायकलच्या हँडलला सुतळीने बांधलेला एक कागद दिसला. वर इमारतीच्या व्यवस्थापनाचा जांभळा शिक्का, खाली कुणाची तरी घाईतली सही आणि मधे मजकूर : सदर दुचाकीचे आरसी बुक, विमा व पीयूसी यांच्या प्रती सात दिवसांच्या आत सुरक्षा कक्षात जमा कराव्यात, अन्यथा वाहनास जॅमर लावण्यात येईल.

सदर दुचाकी म्हणजे माझी सायकल. हिरवी, मागे कॅरियर, पुढे तारेची बास्केट. हिच्यातून आजवर धूर निघालेला नाही. माझ्यातून निघतो, तोही लॉ कॉलेज रोड संपून सेनापती बापट रस्त्याचा चढ लागला की, पण त्या धुराची तपासणी करणारी व्हॅन पेट्रोल पंपावर उभी असलेली मी तरी पाहिलेली नाही.

हा कागद आकाशातून पडला नाही. त्याची मुळं गेल्या जूनमध्ये आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा गुन्हा माझाच आहे. उरलेला निम्मा मामांचा.

झालं असं की कोथरूडहून ऑफिसला सायकलने जायचं मी ठरवलं. का ठरवलं हा भाग मी गाळतो. सायकलवाल्यांनी ही कारणं इतक्यांदा सांगितली आहेत की पेट्रोलचा भाव, पोट आणि पर्यावरण हे तीन शब्द कानावर आले तरी माणसं जागा बदलतात. तर पहिल्या दिवशी नळ स्टॉपच्या चौकात पीएमटीच्या आणि एका टेम्पोच्या मधल्या जागेत आठ इंच आयुष्य काढून, घामाने निथळत, मी आमच्या इमारतीच्या पार्किंगच्या उतारापाशी पोचलो. (पीएमपीएमएल म्हणायचं असतं, माहीत आहे. पण अंगावर येते तेव्हा ती पीएमटीच असते.)

"ओ भाऊ! डिलिव्हरी मागच्या गेटनं!"

हे मामा, आमच्या पार्किंगचे सुरक्षारक्षक. निळा शर्ट, खांद्यावर पिवळी दोरी, खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं. मी गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. मामांनी आधी फोटोकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे पाहिलं. फोटोतला माणूस कोरडा होता. शेवटी 'भाऊ'चं 'सर' झालं, पण मनापासून नाही.

मामांपुढे टेबल, टेबलावर रजिस्टर. बोर्डाच्या वहीला असावं तसं खाकी कव्हर घातलेलं, आत लाल पेनाने पट्टी लावून आखलेले रकाने. गाडी नंबर, प्रकार, नाव, आत वेळ, बाहेर वेळ, सही. अक्षर असं की आमच्या शाळेत सुविचार लिहायला लावलं असतं.

"नंबर?"

"मामा, सायकल आहे."

"दिसतंय की. नंबर सांगा."

"सायकलला नंबर नसतो."

मामांनी पेन खाली ठेवलं. चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलाला वळसा घालून सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. मागे मडगार्ड वाकून पाहिलं. पुढे बास्केटमधला डबा उचलून पाहिलं. मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की नंबरप्लेट मीच सकाळी काढून घरी ठेवली असावी.

"ही टू-व्हीलर हाय का न्हाई?"

"तशी... नाही. म्हणजे टू-व्हीलर म्हणजे स्कूटर वगैरे."

"चाकं किती?"

"दोन."

"मंग?"

या 'मंग'ला आजतागायत मला उत्तर सापडलेलं नाही. पण तेव्हा मी तरुण होतो, आठ महिन्यांनी तरुण, आणि वाद घालायची हौस होती. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार सायकल हे मोटार वाहनच नाही, त्यामुळे तिची नोंदणी होत नाही, त्यामुळे नंबर मिळत नाही, असं मी त्यांना मुद्देसूद समजावलं. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मधे एका कारची नोंदसुद्धा केली. मग म्हणाले, "सर, तुमचं बराबर असंल. पर हितं कायदा न्हाई. हितं रजिस्टर हाय."

"रकाना मोकळा सोडा ना मग."

मोकळा रकाना म्हटल्यावर मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी एकदाच पाहिलंय, लग्नात पंगतीतून कुणी न जेवता उठतो तेव्हा वधूपित्याच्या चेहऱ्यावर. "मोकळा?" ते म्हणाले. "ऑडिटला काय सांगू?"

आमच्या पार्किंगचं ऑडिट होतं ही माहिती मला नवी होती. ऑफिसच्या खर्चाचं होतं का याबद्दलसुद्धा मला शंका आहे.

"मामा, फ्रेमवर एक नंबर असतो," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

मामांचा चेहरा खुलला. "हां! मंग आधी न्हाई का बोलायचं!"

तो नंबर पायडलांच्या खाली, फ्रेमच्या पोटाला कोरलेला असतो. तो बघायला सायकल उलटी करावी लागते. तर इस्त्रीचा शर्ट दप्तरात, अंगात घामाने चिकटलेला टी-शर्ट, अशा अवस्थेत मी भर उतारावर सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी केली. डबा घरंगळला. मामा मोबाइलची बॅटरी लावून उकिडवे बसले. नंबरावर ग्रीस आणि चिखल. मी रुमालाने पुसला. मामांनी चष्मा खाली घेतला.

"डब्ल्यू... का एम हाय?"

"सायकल उलटी आहे, मामा."

"मंग सुलटा कोन म्हनायचा? यम का डब्ल्यू?"

आम्ही दोघांनी मान वाकडी करून पाहिलं. मग मामा दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि तिकडून त्यांना सहाचा नऊ दिसला. पुढचा आकडा आठ होता की बी यावर पाच मिनिटं गेली. मामांचं मत बी, कारण "आठ असता तर हितं पोट आलं असतं". तोवर मागे तीन गाड्या लागल्या होत्या. पहिल्या गाडीची काच खाली झाली. आत आमच्याच मजल्यावरचे एक साहेब. त्यांनी उलटी सायकल, ग्रीसचे हात आणि बसलेले मामा हे दृश्य पाहिलं आणि तोंड भरून म्हणाले, "अरे वा! सायकल! ग्रेट! आम्हालाही कधीपासून सुरू करायचंय! फक्त जरा बाजूला घेता का?"

हे 'ग्रेट' मला फार लागतं. रस्त्यात शिवी दिलेली चालते, तिच्यात निदान बरोबरीचं नातं आहे. ग्रेट म्हणणारा माणूस तुम्हाला बाजूला घ्यायला सांगतच असतो. पहाटे पाचला चमचमते तंग कपडे घालून खडकवासल्याला सायकल मारणाऱ्या, आणि सायकल कारच्या डोक्यावर बांधून आणणाऱ्या मंडळींना मामा सलाम करतील, मला खात्री आहे. रविवारची सायकल हा छंद असतो. सोमवारची सायकल म्हणजे बिचाऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

असो. फ्रेमचा नंबर सापडला तो निघाला चौदा अक्षरी. मामांचा रकाना दहाचा. "ह्यो बसायचा न्हाई," मामा उठत म्हणाले, आणि गुडघ्याला लागलेली धूळ त्यांनी माझ्याकडे बघत झटकली.

इथे मला माझ्या वडिलांची फार आठवण झाली. ते खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा सुटायचा आणि त्यात आपला बाप ओळखायला आम्ही पोरं कठड्यावर बसायचो. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते उगाच नाही. आणि मुख्य म्हणजे वडिलांच्या सायकलला नंबर होता! महापालिकेचा बिल्ला. वर्षाला कर भरायचा आणि बिल्ला लावायचा. तो नसला, किंवा रात्री दिवा नसला, किंवा कुणाला डबलसीट घेतलं, की चौकात चाकातली हवा गेलीच म्हणून समजा. या कराला आधार १९४९च्या कायद्याचा. त्यात महापालिकेने वाहने, नौका आणि प्राणी यांच्यावर कर बसवावा असं म्हटलंय. नौका वाचून मला आधी हसू यायचं. पण धरणातून पाणी सोडल्यावर भिडे पुलाच्या काठाला उभं राहून पाहिलं की कायदा करणाऱ्यांच्या दूरदृष्टीला नमस्कार करावासा वाटतो.

म्हणजे बघा, वडिलांना बिल्ला नाही म्हणून हवा सोडून घरापर्यंत चालवायचे. मला बिल्ला मागूनही मिळत नाही. त्या काळी सायकल ही दंड करण्याइतकी तरी खरी वस्तू होती.

आता शहरात तिच्यासाठी आराखडे असतात. २०१७ साली आपल्याकडे सायकल आराखडा मंजूर झाला, आठशेपेक्षा जास्त किलोमीटरच्या जाळ्याचा. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीत सायकली फूटपाथवर उगवल्या, लोकांनी त्यांच्यावर बसून फोटो काढले, काहींनी त्या घरी नेल्या, आणि एक दिवस त्या गेल्या. आराखड्यातला एक तुकडा माझ्या वाटेवर आहे. लाल रंगाचा, पेव्हर ब्लॉकचा. तो विजेच्या एका डीपीपासून सुरू होतो, मधे वडापावची गाडी, मग मंडपाचा खड्डा, मग मंडपाचा खड्डा बुजवल्याचा उंचवटा, आणि बसथांब्याच्या पाठीत जाऊन संपतो. बाइकवाल्यांनी शिरू नये म्हणून सुरुवातीला लोखंडी खांब रोवलेत. त्यातून बाइक हँडल तिरकं करून लीलया जाते. माझी बास्केट अडकते. ट्रॅकवर मला उलट दिशेने येणारा बाइकवाला भेटतो आणि हॉर्न देतो, आणि मी, काय सांगू, मी बाजूला होतो. दातओठ खातो पण होतो. त्याच्या डोळ्यांत अपराधाचा लवलेश नसतो. आपण फूटपाथवर आहोत, हा माणूस इथे सायकल काय चालवतोय, असं प्रामाणिक आश्चर्य असतं. रस्त्यावर उतरावं तर मागून कारवाले "ट्रॅक बांधून दिलाय ना!" म्हणून ओरडतात. मला वाटतं, हे सगळे लोक एकमेकांना फोन करून ठरवत असावेत.

तर मामा. रस्ता त्यांनीच काढला. गाड्यांची रांग आता गेटबाहेर गेली होती.

"सर, घरी गाडीबिडी असंल की येखादी?"

"एक जुनी स्कूटर आहे. बंद पडलीय. दोन वर्षं सोसायटीत उभी आहे."

"नंबर हाय ना तिला?"

"नंबर आहे. चालत नाही."

"चालायला कोन सांगतंय? सांगा नंबर."

मी सांगितला. एमएच बारापासून शेवटच्या आकड्यापर्यंत मामांनी तो असा कोरून लिहिला, की माझ्या स्कूटरला शोरूममध्येसुद्धा इतका मान मिळाला नव्हता. प्रकार : टू. वेळ : ९.५२. सही करताना माझ्या ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा उमटला, तो त्यांना आवडला नाही.

"आता येक करा," मामा म्हणाले. "रोज हीच गाडी आनायची. मधीच बदलू नका."

त्या दिवसापासून आठ महिने माझी बंद स्कूटर रोज वेळेवर ऑफिसला येते आहे. पावसातसुद्धा. एकदा सायकल पंक्चर झाली म्हणून रात्री पार्किंगमध्येच ठेवून मेट्रोने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मामा गंभीर. "सर, तुमची स्कूटर काल भाईर गेलीच न्हाई. आन आज आत कशी आली?" त्यांनी रजिस्टरमध्ये माझ्यासाठी रात्री ७.१० ही बाहेर जाण्याची वेळ स्वतःच्या जबाबदारीवर लिहिली होती. "तुमच्यासाठी येवढं केलं," म्हणाले. मी त्यांना कटिंग पाजला. खोटं बोलणारी माणसं अशीच एकमेकांच्या जवळ येतात.

आणि आता व्यवस्थापनाने दुचाक्यांना स्टिकर द्यायचं काढलंय. रजिस्टरवरून यादी केली. यादीत माझी स्कूटर हजेरीत तिसरी आली.

मंगळवारी मी तो कागद घेऊन मामांकडे गेलो. खरं काय ते वर सांगून टाकू म्हणालो. मामांचा रंग उडाला. आठ महिन्यांच्या नोंदी, रोज दोन, त्यांच्या अक्षरात. "सर, माजी नोकरी," ते एवढंच म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्या खांद्यावरच्या दोरीखालचा माणूस दिसला. वेल्ह्याकडचा. त्याला बारा तास उभं राहायचे किती मिळतात हे मी कधी विचारलं नव्हतं. मग मी तरी काय बोलणार?

"विमा कधी संपला?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"काढून टाका. आन पीयूसीला गाडी चालू पायजे बगा. धूर मोजत्यात."

म्हणून काल गॅरेजवाल्याला बोलावलं. नवी बॅटरी, कार्ब्युरेटर साफ, दोन्ही टायर, वर विमा. आकडा त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवला, मोठ्याने बोलला नाही. शनिवारी स्कूटर ढकलत कर्वे पुतळ्यापर्यंत नेऊन ठेवायची आहे. येताना रिक्षा मिळणार नाही, म्हणून सायकल बरोबर घ्यावी म्हणतो. पण दोन्ही एकदम कशी न्यायची ते कळत नाहीये. बायकोला विचारलं, तू सायकल घेऊन मागून येशील का?

ती म्हणाली, "ग्रेट."