पाण्याच्या गाठी, टॉल्वॅप्टन आणि तो फॉरवर्ड

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. घरच्या ग्रुपवर तो आमच्या दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने टाकला आणि खाली लिहिलं, ‘ताई, तुझ्या कामाचं आहे.’ मजकूर थोडक्यात असा: किडनीत पाण्याच्या गाठी असतील तर डॉक्टर टॉल्वॅप्टन नावाची महाग गोळी देतील, ती घेऊ नका. ती लिव्हर खराब करते आणि कंपनी हे लपवते. त्याऐवजी रोज पाच लिटर पाणी प्या आणि सोबत दिलेला काढा घ्या, तीन महिन्यांत गाठी विरघळतात. काढा नैसर्गिक आहे, त्याला साइड इफेक्ट नाही. आणि आजार आनुवंशिकच आहे, तेव्हा मुलांच्या तपासण्या करून उपयोग नाही, पोरं उगाच घाबरतात.

मी डॉक्टर नाही. मला पॉलिसिस्टिक किडनीचा आजार आहे, म्हणजे आनुवंशिक दोषाने किडन्यांत पाण्याच्या गाठी (सिस्ट) वाढत जातात. माझ्या वडिलांनाही तो होता, ते चोपन्नाव्या वर्षी डायलिसिसवर गेले. मी स्वतः पावणेतीन वर्षं टॉल्वॅप्टन घेते आहे आणि माझी लिव्हर त्या गोळीने एकदा बिघडलीही होती. म्हणून या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

‘ही गोळी लिव्हर खराब करते.’

करू शकते. हे वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच पूर्ण मेसेज लोकांना खरा वाटतो. पण ‘करू शकते’ म्हणजे किती जणांत, कधी, आणि लक्षात आल्यावर पुढे काय, हे त्यात कुठेच नाही.

२०१२ साली या औषधाची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पंधरा देशांतले १,४४५ रुग्ण, तीन वर्षं. औषध घेणाऱ्यांची मूत्रपिंडं वर्षाला सरासरी २.८ टक्क्यांनी मोठी होत गेली, दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांची ५.५ टक्क्यांनी. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ४.४ टक्के लोकांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण १ टक्का होतं. ही चाचणी आणि तिचा पुढचा टप्पा मिळून औषध घेतलेल्या जवळपास १,५०० रुग्णांत तिघांना लिव्हरची गंभीर इजा झाली. औषध बंद केल्यावर ते सावरले. पुढे गोळी बाजारात आल्यावर मात्र एका रुग्णाची लिव्हर पूर्ण निकामी होऊन प्रत्यारोपण करावं लागल्याचीही नोंद आहे. मी यातलं काही झाकत नाही, कारण हे औषधासोबतच्या माहितीपत्रकात चौकटीत ठळक छापलेलं असतं.

आता मेसेजमध्ये नसलेला भाग. लिव्हरचा हा त्रास बहुतेक वेळा पहिल्या दीड वर्षात दिसतो आणि माणसाला काहीही जाणवण्याआधी रक्तात दिसतो. त्यावरून अमेरिकेतला नियम ठरला: गोळी सुरू करण्याआधी रक्ततपासणी, मग दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी, पुढे दीड वर्ष दर महिन्याला आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी. २०१७ साली दुसरी मोठी चाचणी आली, १,३७० रुग्णांची, ज्यांचा आजार जास्त पुढे गेलेला होता त्यांची. तिच्यात लिव्हरची तपासणी दरमहा ठेवली होती. एसजीपीटी वाढलेले लोक या खेपेलाही निघाले, ५.६ टक्के. पण सोबत बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारा घटक, मर्यादेच्या दुपटीपलीकडे चढलं, असा एकही रुग्ण निघाला नाही. गोळी तीच होती आणि एन्झाइम वाढणाऱ्यांचं प्रमाणही कमी नव्हतं. फरक होता तो वेळेवर रक्त तपासून गोळी थांबवण्याचा.

माझं सांगते. पाचव्या महिन्यात माझं एसजीपीटी ९६ आलं, आमच्या लॅबची मर्यादा ४० आहे. मला ना मळमळ, ना थकवा, मी त्या दिवशी सहा तास शिकवून आले होते. रिपोर्ट संध्याकाळी आला, डॉक्टरांनी फोनवरच गोळी बंद करायला सांगितली. तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. पाच आठवड्यांनी आकडा ३४ वर आला आणि मग कमी डोसने, दर आठवड्याला तपासत, गोळी पुन्हा सुरू झाली. मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेलं असतं तर ती सुरू झालीच नसती, हेही मला आधीच सांगून ठेवलेलं होतं. त्या महिन्यात मी रक्त दिलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही. माझी खरी भीती गोळीपेक्षा या गोष्टीची आहे की आपल्याकडे टॉल्वॅप्टनच्या १५ आणि ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या, ज्या रक्तातलं सोडियम कमी झालेल्यांनाही देतात, जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने घेत राहणारे लोक आहेत. रक्ततपासणी न करता ही गोळी घेऊ नका, असं त्या मेसेजमध्ये असतं तर मी तो स्वतः दहा ठिकाणी पाठवला असता.

‘कंपनी हे लपवते.’

जपानने हे औषध या आजारासाठी २०१४ मध्ये मान्य केलं, युरोपने २०१५ मध्ये. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये नाकारलं, आणखी पुरावा मागितला. वर सांगितलेली दुसरी चाचणी झाल्यावर २०१८ च्या एप्रिलमध्ये मान्यता दिली, तीही लिव्हरच्या इशाऱ्यासह आणि तपासणीच्या सक्तीसह. याच आजारावर सिरोलिमस आणि एव्हरोलिमस ही औषधं वापरून पाहिली, त्यांचे निकाल २०१० मध्ये आले. एव्हरोलिमसने मूत्रपिंडाचं आकारमान वाढणं जरा रोखलं, पण मूत्रपिंडाचं काम सुधारलं नाही आणि दुष्परिणाम पुष्कळ निघाले. म्हणून ती वाट सोडून दिली गेली. म्हणजे न चाललेल्या औषधांचे निकालही छापून आले. औषध कंपन्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. पण लिव्हरचा धोका मेसेज लिहिणाऱ्याला कळला तो याच चाचण्यांच्या छापलेल्या आकड्यांमुळे.

औषधाचा फायदाही फुगवून सांगू नये. टॉल्वॅप्टन आजार बरा करत नाही, झालेल्या गाठी घालवत नाही. २०१७ च्या चाचणीत मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता वर्षभरात औषध घेणाऱ्यांची मिनिटाला २.३४ मिलिलिटरने घटली, इतरांची ३.६१ ने. घसरण चालूच राहते, वेग कमी होतो. ज्यांचा आजार मुळात हळू चालतो त्यांना बहुधा ही गोळी लागतच नाही. वय, उंची आणि एमआरआयवर मोजलेलं मूत्रपिंडाचं आकारमान पाहून कोणाचा आजार वेगाने वाढतोय हे डॉक्टर ठरवतात. ‘मला का नाही दिली?’ असं विचारणाऱ्या माझ्या एका सहकारी बाईंना याचं उत्तर हेच होतं.

आणि दुष्परिणाम म्हणायचा तर रोजचा त्रास लिव्हरचा नाहीच, तो लघवीचा आहे. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडाला सांगतं, पाणी धरून ठेव. गाठींच्या पेशींना तोच निरोप वाढण्याचा निरोप म्हणून पोचतो. गोळी तो निरोप अडवते, त्यामुळे गाठी सावकाश वाढतात, पण पाणीही धरलं जात नाही. दिवसाला पाच-सहा लिटर लघवी होते. पहिल्या चाचणीत आठ टक्क्यांच्या आसपास लोक याच कारणाने गोळी सोडून गेले. मी सकाळची गोळी उठल्याबरोबर घेते आणि दुसरी बरोबर आठ तासांनी, म्हणजे रात्र बरी जाते. मीठ कमी केलं तर लघवीचं प्रमाणही कमी होतं, लोणचं-पापड सोडल्यावर महिन्याभरात मला ते कळलं. एसटीच्या लांबच्या प्रवासाआधी काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलंय. जुलाब-उलट्या झाल्या, किंवा पाणी पिता येणार नाही असा दिवस असला, तर त्या दिवशी गोळी नाही, कारण शरीर झपाट्याने सुकतं आणि सोडियम चढतं. क्लॅरिथ्रोमायसिन, किटोकोनॅझोल अशी काही औषधं आणि ग्रेपफ्रूटचा रस यांच्यासोबत गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पपनस त्याच जातकुळीतलं फळ, म्हणून गणपतीत माटोळीतून उतरलेलं पपनस आता माझ्या वाटणीचं भाऊ खातो.

‘रोज पाच लिटर पाणी प्या.’

या कल्पनेला आधार आहे. भरपूर पाणी प्यायलं की व्हॅसोप्रेसिन कमी सुटतं, तेव्हा गोळीशिवाय तेच काम होईल असं संशोधकांनाही वाटलं होतं. ऑस्ट्रेलियात १८४ रुग्णांवर तीन वर्षं हे करून पाहिलं. ठरवून जास्त पाणी प्यायलेल्यांच्या आणि तहानेपुरतं पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडांच्या वाढीत ठोस फरक निघाला नाही. २०२२ मध्ये निकाल आला. तहान मारू नका, एवढं ठीक. पण ज्यांचं मूत्रपिंड बरंच निकामी झालंय किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांनी पाच लिटर पाणी प्यायलं तर ते फुप्फुसात साचतं. माझ्या वडिलांना दिवसाला एक लिटरची मुभा होती, चहा-आमटी धरून. हा मेसेज डायलिसिसच्या रुग्णांच्या ग्रुपवर फिरतोय, याचा मला मनापासून राग आहे.

‘काढ्याने गाठी विरघळतात, आणि त्याला साइड इफेक्ट नाही.’

इथे मुतखडा आणि सिस्ट यांची गल्लत आहे. खडा हा साचलेला क्षार, तो फुटू शकतो, लघवीतून पडू शकतो. सिस्ट म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक नळीच्याच भिंतीला आलेला फुगा, जिवंत पेशींचा, आत पाणी. या फुग्यांची सुरुवात कित्येकदा आईच्या पोटातच होते. त्याचं मूळ सोळाव्या किंवा चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या दोषात आहे. विरघळायला तिथे काही साचलेलंच नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे तर मूत्रपिंडाच्या बाबतीत फार महागात पडलेलं वाक्य आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. एका मुळीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकिया जातीची मुळी त्यात गेली. शंभराहून जास्त जणांची, त्यातल्या बहुतेक बायका, मूत्रपिंडं बिघडली, अनेकांची पूर्ण निकामी झाली, आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. आपल्याकडची ईश्वरी ही त्याच जातीची वनस्पती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं विकत घेऊन तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. माझ्या आजीचं घर काढ्यांवर चालायचं, सर्दीला मी आजही तुळस-आलं उकळते. पण मेसेजमधल्या काढ्यात चार वनस्पतींची नावं आहेत आणि पुढे ‘इत्यादी’ लिहिलंय. माझं एसजीपीटी दर महिन्याला मोजायचं हे कोणीतरी ठरवलं होतं. या ‘इत्यादी’साठी काय मोजायचं, कधी थांबायचं, हे कोणी ठरवलंय?

जाता जाता, कंबरेत कळ आली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणणाऱ्यांनीही हे वाचावं. या दुखण्याच्या गोळ्या आधीच दबलेल्या मूत्रपिंडाला आणखी मारतात.

‘आनुवंशिक आहे, मुलांना तपासून उपयोग नाही.’

सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. आधी वारशाचं: आई असो वा वडील, ज्याला हा आजार आहे त्याच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. ‘सुनेच्या माहेरून आला’ वगैरे बोलणं बंद व्हावं.

तपासून मिळतं काय? पहिलं म्हणजे बीपी. या आजारात ते मूत्रपिंड बिघडण्याच्या खूप आधी, विशी-तिशीत चढतं, आणि त्याला औषध आहे, स्वस्त आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, मूत्रपिंड अजून चांगलं असलेल्या पन्नाशीच्या आतल्या ५५८ रुग्णांत, बीपी ११०/७५ च्या खाली ठेवलेल्यांच्या मूत्रपिंडांची वाढ सुमारे १४ टक्क्यांनी मंद राहिली. याही औषधांना सांभाळावं लागतं: रामिप्रिलसारख्या गोळीने कोरडा खोकला येतो, पोटॅशियम चढू शकतं, आणि गरोदरपणात ती बाळाला घातक असते, म्हणून लग्न ठरलेल्या मुलींना हे स्पष्ट सांगायलाच हवं. दुसरं, घरातलं कोणी किडनी द्यायला पुढे आलं तर त्याला स्वतःला हा आजार नाही ना, हे आधी कळायला हवं. तिसरं मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा. या रुग्णांपैकी दहातल्या एकाच्या आसपास लोकांत तो आढळतो, आणि घरात आधी कोणाचा फुटला असेल तर डोक्याची एमआर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा एमआरआय, करून घ्यायला सांगतात.

आमची आत्या, दादाची आई, सेहेचाळिसाव्या वर्षी देवघरात डोकं धरून खाली बसली आणि दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हा सगळे म्हणाले, बीपी वाढलं. तिच्या किडन्या कोणी पाहिल्या नव्हत्या. मी तो मेसेज वाचला तेव्हा मला सगळ्यांत आधी हे दिसलं की तो पाठवणारा माणूस त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याने एकदाही सोनोग्राफी केलेली नाही.

ग्रुपवर काही न लिहिता मी त्याला फोन केला. घरात आजार असताना चाळिशीनंतर दोन्ही किडन्या मिळून दोनपेक्षा कमी गाठी दिसल्या तर आजार नाही असं धरतात, म्हणजे एका साध्या सोनोग्राफीत त्याचा आणि त्याच्या मुलीचा घोर मिटू शकतो, हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. रविवारी आला, मुलीला घेऊन. ती एकोणीस वर्षांची आहे. बसवून, पाच मिनिटं शांत ठेवून बीपी मोजलं: १३८/९०. तिसऱ्यांदा १३६/८८. दोघांची सोमवारची वेळ घेतली आहे, मी शाळेतून अर्धी रजा टाकली आहे.