त्या पोराच्या हातातला माइक काढून घ्या

सकाळपासून तोच व्हिडिओ तीन ग्रुपांवर आला. एका धार्मिक संस्थेच्या बालगृहातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, हातात माइक, समोर देणगीदार. बाप कसा मारायचा, आई कधी निघून गेली, सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं. शेवटी निवेदक म्हणतो, "ही देवाची कृपा!" टाळ्या. तो पोरगा पूर्ण वेळ माइकच्या वायरकडे बघत होता. दिसलं का कुणाला?

मला एकदम बिस्किटवाला आठवला. नऊ वर्षांचा. अशाच एका बालगृहात आला तेव्हा उशीखाली, मोज्यांत, गादीच्या उसवलेल्या शिवणीत बिस्किटं लपवायचा. गादीला मुंग्या लागल्या. नव्या काळजीवाहकाने सगळं झाडून जप्त केलं, आणि आठवड्याभरात पोरगा कोठीतून चोरायला लागला. लागणारच! ज्याने उपाशी रात्री काढल्यात, त्याच्यासाठी ती उद्याची बेगमी असते.

तिथल्या जुन्या ताईंनी त्याला झाकणाचा डबा दिला, त्याच्या नावाचा. रोज झोपताना त्याच्यासमोर चार बिस्किटं भरायची. खाल्लीस का, विचारायचं नाही. त्याच्यामागे डबा उघडायचा नाही. आणि दिवसभरात त्याने कितीही दंगा केला तरी शिक्षा म्हणून डबा रिकामा ठेवायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण, कारण तीन-चार आठवडे शहाण्यासारखं वागलेलं मूल एक दिवस काच फोडतं, शिव्या देतं. हे लोक मला हाकलतात का, हे त्याला बघायचं असतं. नेमक्या त्याच वेळी बऱ्याच संस्था त्याला दुसरीकडे पाठवतात आणि "सुधारण्यातला नव्हता" असा शेरा मारतात. संताप येतो.

पाच महिन्यांनी बिस्किटवाला म्हणाला, "आज नको, कालची आहेत."

याला चमत्कार म्हणू नका. एका बाईने दीडशे रात्री न चुकता डबा भरला. त्या बाईंची श्रद्धा होती, रोज पहाटे प्रार्थना करायच्या, आणि तेवढ्या पगारात त्या टिकल्या त्या श्रद्धेमुळेच, हे मी मनापासून मानतो. पण त्यांनी त्या मुलाला प्रार्थनेला कधी ओढलं नाही. बसायचं तर बस, नाहीतर बाहेर पायरीवर थांब. जेवण आणि प्रार्थना यांची गाठ कधी घातली नाही. घातली की मूल पोटासाठी हात जोडायला शिकतं, आणि ते आयुष्यभर पुरतं.

हे काही नवीन नाही. ८ डिसेंबर १८४१, इटलीतलं तुरीन शहर. चर्चच्या सेवकाने एका अनाथ पोराला मारून हाकललं, कारण त्याला पूजेत मदत करता येत नव्हती. तिथले तरुण धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावलं. लिहिता येतं? नाही. गाता येतं? नाही. शीळ वाजवता येते? पोरगा हसला. धर्माचा पाठ त्यानंतर. आणि त्याच्या आठच वर्षं आधी, १८३३ मध्ये, जर्मनीत हॅम्बुर्गला विखर्न नावाच्या धर्मशास्त्रज्ञाने आपल्या बालगृहातल्या मुलांना एका मोठ्या दालनात कोंबलं नाही, साधारण बारा-बारांची घरं केली, प्रत्येक घराला एक सांभाळणारा माणूस. पन्नास मुलांमागे एक वॉर्डन ठेवून "आम्ही एक कुटुंब आहोत" म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

हो, मान्य, असे व्हिडिओ नसतील तर देणग्या आटतात. आणि हेही मान्य की देवाच्या नावाखाली काही संस्थांत मुलांचे हाल झाले आणि वर्षानुवर्षं झाकले गेले. म्हणून तर बंद दाराआड एका मुलासोबत एकटा मोठा माणूस नको, आणि तक्रारपेटीची किल्ली संस्थेबाहेरच्या माणसाकडे हवी. भक्तिभाव कितीही असो, यातून कुणाला सूट नाही.

द्यायचंच असेल तर विचारा, अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांसाठी काय करता? चांगल्या ठिकाणी गादीवर मेणकापड, चादर, पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर घालतात. रात्री वरची जोडी ओढून काढली की खाली कोरडं अंथरूण तयार. दिवा लावायला नको, बाकीची मुलं उठायला नकोत, सकाळी कुणी चिडवायला नको. मेणकापडाला पैसे द्या. रात्रपाळीला तोच ओळखीचा माणूस राहावा म्हणून त्याच्या पगाराला द्या. अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्याच्या पहिल्या खोलीच्या भाड्याला द्या. तिथे तर बहुतेकांचा हात आखडतो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या निवेदकाचा हेतू वाईट नसेल. पण बिस्किटवाल्याचा डबा ताईंनी कधी पाहुण्यांना दाखवला नाही. पाहुणे यायचे तेव्हा डबा कपाटात जायचा, आणि कपाटाची किल्ली त्या पोराच्याच गळ्यात असायची.

ज्यांनी ज्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवलाय, त्यांनी आत्ता डिलीट करा, सगळ्यांसाठी. त्या मुलाला उद्या शाळेत जायचंय, आणि वर्गातल्या पोरांकडेही फोन आहेत.