सेझमधील कारखान्यांना हिशेब द्यावा लागत नाही, हे खरे नाही

‘सेझ म्हणजे देशातला परदेश, तिथल्या कारखान्यांना ना कर, ना हिशेब, ना कामगार कायदे’ अशा आशयाचा संदेश सध्या सर्वत्र फिरत आहे. सेझ म्हणजे निर्यातीला चालना देण्यासाठी सवलती देऊन आखलेले विशेष आर्थिक क्षेत्र.

‘परदेश’ हा शब्द 2005 च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याच्या कलम 53 वरून आला असावा. तेथे हे क्षेत्र सीमाशुल्काच्या हद्दीबाहेरचे मानले आहे खरे, पण ते मंजूर कामकाजापुरतेच. तोच माल देशांतर्गत बाजारात विकायचा झाल्यास कलम 30 नुसार त्यावर आयात मालाप्रमाणे सीमाशुल्क भरावे लागते.

हिशेबाचा मुद्दा तर सपशेल चुकीचा आहे. याच कायद्याखालील 2006 च्या नियमांतील नियम 22 नुसार युनिटला (सेझमधील कारखान्याला) सवलतीपोटी बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, द्यावी लागते. आयात केलेला आणि देशात खरेदी केलेला माल, त्याचा वापर, तयार झालेले उत्पादन, भंगार आणि शिल्लक साठा यांच्या नोंदी आर्थिक वर्षानिहाय ठेवून त्या सात वर्षे जपाव्या लागतात, आणि सनदी लेखापालाने प्रमाणित केलेला वार्षिक कामगिरी अहवाल विकास आयुक्तांकडे, म्हणजे सेझवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, सादर करावा लागतो. या अहवालावरून सेझची मान्यता समिती युनिटची निव्वळ परकीय चलन मिळकत, म्हणजे निर्यातीतून मिळालेल्या चलनातून आयातीचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम, तपासते. उत्पादन सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या एकत्रित हिशेबात ती धन असावी लागते, आणि आयात यंत्रसामग्रीची किंमतही दरवर्षी दहा टक्के या दराने त्यातून वजा होते. शुल्कमुक्त माल मंजूर कामासाठी वापरला नाही, तर मिळालेल्या सवलतीएवढी रक्कम परत करावी लागते.

कराबाबत थोडक्यात सांगायचे, तर प्राप्तिकरातील सवलत पंधरा वर्षांची आणि टप्प्याटप्प्याने घटणारी होती, 2011 च्या अर्थसंकल्पाने या युनिटांनाही किमान पर्यायी कर (सवलती असल्या तरी नफ्यावर भरावाच लागणारा किमान कर) लागू केला, आणि नव्या युनिटांसाठी त्या सवलतीची दारे काही वर्षांपूर्वीच बंद झाली.

कामगारांविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते खरे मानणारा कामगार आपला हक्क मागायलाच जाणार नाही. विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याचे कलम 49 केंद्र सरकारला इतर कायदे शिथिल करण्याचा अधिकार देते, परंतु कामगार संघटना, औद्योगिक विवाद, भविष्य निर्वाह निधी, नुकसानभरपाई आणि प्रसूती लाभ हे विषय त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत.

खरी उणीव देखरेखीत आहे आणि ती महालेखापरीक्षकांनी 2014 च्या अहवालात दाखवून दिली आहे. त्यामुळे संतापलेल्या नागरिकाने विकास आयुक्तांना विचारायला हवे ते हे, की कामगिरी अहवालातील निर्यातीचे आकडे सीमाशुल्क विभागाच्या नोंदींशी कोणी आणि केव्हा ताडून पाहिले.