पाटीलसाहेब, हाकललं म्हणजे गुन्हा होत नाही

पाटीलसाहेब, ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारात पत्ते मोजणं, म्हणजे वाटून गेलेले पत्ते ध्यानात ठेवून उरलेल्यांचा अंदाज बांधणं, हा गुन्हा नाही असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाला लिहिलीय. "साधी अक्कल आहे, कॅसिनो हाकलतो म्हणजे पत्ते मोजणं गुन्हाच असणार. कोल्हापुरात बसून लोकांना बिघडवू नका," असं तुमचं म्हणणं. मतभेद असू देत की, पण एकदम अक्कल काढायची? आपली ओळख ना पाळख. माझं शीर्षक जरा भडक होतं, तेवढं मान्य. पण तुम्ही शीर्षकाच्या खाली उतरलेलेच दिसत नाही.

मिरजकर तिकटीला एखाद्या खानावळवाल्यानं सहाव्यांदा पांढरा रस्सा मागणाऱ्याला "आता उठा" म्हटलं, तर रस्सा पिणं गुन्हा ठरतो का? तो मालकाचा हक्क झाला. अमेरिकेत, लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात कॅसिनोला तोच हक्क आहे. नुसतं डोक्यात मोजणाऱ्यावर तिथं खटला होत नाही. "परत पाऊल टाकायचं नाही" अशी ताकीद मिळूनही गेलात तर गुन्हा लागतो, पण तो बेकायदा प्रवेशाचा. मोजायला यंत्र वापरलंत तर गोष्ट वेगळी, १९८५ पासून तो सरळ गुन्हा आहे. हे सगळं लेखात होतं, साहेब.

आणि न्यू जर्सी राज्यातल्या अटलांटिक सिटीत तर मोजतो म्हणून हाकलतासुद्धा येत नाही! पत्ते मोजणाऱ्या केन यूस्टन या खेळाडूला तिथल्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनल कॅसिनोनं बाहेर काढलं, गडी कोर्टात गेला. १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खेळाचे नियम ठरवणं कॅसिनो आयोगाचं काम, कॅसिनोनं परस्पर अशी बंदी घालायची नाही. मग तुमच्या अकलेच्या हिशेबानं तेच मोजणं नेवाडात गुन्हा आणि न्यू जर्सीत पुण्य?

हाकलता येत नाही किंवा हाकलायचं नसतं तिथं कॅसिनो काय करतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी पणजीला मांडवीतल्या बोटीवर ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते वाटलेत. कुणाचा संशय आला की कॅमेऱ्याच्या खोलीतून फोन यायचा, पिट बॉस, म्हणजे टेबलांवर देखरेख करणारा साहेब, मागं येऊन कानात दोन शब्द टाकायचा. मग पुढच्या पिसाईनंतर पिवळं प्लास्टिकचं कट कार्ड, म्हणजे वाटताना जिथं ते येईल तिथं पुन्हा पिसायचं अशी खूण, मी सहा कॅटांच्या थप्पीत अगदी खाली न घालता जवळजवळ मधोमध खुपसायचो. निम्मे पत्ते वाटून होतात न होतात तोच पुन्हा पिसाई. मोजणाऱ्याचा सगळा हिशेब मातीत. दोन-तीन वेळा असं झालं की तो चिप्स गोळा करून स्वतःच उठायचा. पोलीस नाहीत, पंचनामा नाही. तुम्ही कधी टेबलाच्या त्या बाजूला उभे राहिलाय का? नसाल, तर निदान आवाज खाली ठेवा.

इंग्लंडच्या ज्या खटल्याचा तुम्ही एवढा डंका पिटलात, त्यात फिल आयव्ही हा पोकरचा नामवंत खेळाडू पत्ते मोजतच नव्हता. पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक हेरून, पत्ते वाटणाऱ्या डीलरकडून ते हवे तसे फिरवून घेत होता. २०१७ मध्ये कोर्टानं त्याला फसवणूक म्हटलं आणि त्याचे सुमारे ७७ लाख पौंड गेले. त्याचा इथं काय संबंध?

जुगारानं घरं बसतात, तरुण पिढी वगैरे जे लिहिलंत, त्यावर मी लेखात चकार शब्द काढला नव्हता, आताही काढत नाही. न्यू जर्सीच्या निकालावर पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहिणार आहे. ते आधीच ठरलं होतं, तुमच्या प्रतिक्रियेमुळं नव्हे.