‘एक जुना वादक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इलेक्ट्रिक गिटारचा टोन, म्हणजे आवाजाचा पोत, कसा घडतो, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेल्या प्रतिक्रियेला उत्तर देऊ नये, असे काल दिवसभर मनात होते. तिच्यात ‘दुकानदारी’ हा शब्द नसता तर तो बेत टिकलाही असता. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आशय सांगतो. ‘टोन बोटांत असतो, बाकी सगळी दुकानदारी आहे, जेफ बेकच्या हाती दोन हजारांची गिटार दिली असती तरी तो जेफ बेकच वाजला असता,’ हे आपले मुख्य म्हणणे (बेक हे नावाजलेले इंग्लिश रॉक गिटारवादक). त्याला जोडून आपण आणखी चार गोष्टी सुनावल्या आहेत. फझ फेस या पेडलचे (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीचे) साल मी चुकीचे दिले. जाड तारांचे कौतुक करून मी नवशिक्यांची बोटे सोलून काढतो आहे. फ्लॅटमध्ये राहणारी मुले हेडफोन लावून मॉडेलरवर (अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या डिजिटल यंत्रावर) वाजवतात, त्यांच्याविषयी लेखात चकार शब्द नाही. आणि हिंदी चित्रपटसंगीतातले गिटारवादक मला आठवलेच नाहीत. शेवटी एक सल्लाही आहे: पेडलच्या याद्या करण्यात घालवलेला वेळ मी रियाजाला दिला असता, तर हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

सालाबाबत आपले बरोबर आहे. लंडनच्या आर्बिटर कंपनीचा फझ फेस १९६६ मध्ये आला आणि मी १९६८ लिहून बसलो. त्यात जर्मेनियमच्या जागी सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर येऊ लागले तो साठच्या दशकाच्या अखेरचा काळ डोक्यात होता, त्यामुळे ही गल्लत झाली. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत.

आता दुकानदारीविषयी. दुकानदार म्हणवून घ्यायचे तर माणसाला काहीतरी विकावे लागते. आजवर मी कोणाकडून तारांचा एक संचसुद्धा फुकट घेतलेला नाही, कोणत्याही कंपनीची वस्तू मागून आणून तिच्यावर लिहिलेले नाही, आणि माझ्या घरी असलेल्या दोन गिटारपैकी एकीची मान मीच सरस लावून जोडलेली आहे. ज्या लेखात मी ‘अमुक घ्या’ असे एकदाही म्हटलेले नाही त्याला दुकानदारी म्हणताना आपण निदान तो शेवटपर्यंत वाचला होता का, असा प्रश्न मला पडला. जुन्या वादकांच्या बोलण्यात एक अदब असे, असे मला आठवते. कदाचित मला भेटलेले जुने वादक निराळे असतील.

असो. ‘टोन बोटांत असतो’ या आपल्या वाक्याशी माझे भांडण नाही; ते वाक्य अर्धे आहे, एवढीच तक्रार आहे. एकच गिटार, एकच अ‍ॅम्प, सगळे नॉब जागच्या जागी ठेवून चार जणांना वाजवायला दिले तर चार आवाज ऐकू येतात, हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले आहे. त्याचे कारणही गूढ नाही. तार ब्रिजजवळ (गिटारच्या घोडीजवळ) छेडली की वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरावरचे उपस्वर) उठून येतात आणि आवाज टोकदार होतो. मानेकडे सरकले की तो गोल होतो. तारेच्या बरोबर एक चतुर्थांशावर आघात केला तर चौथा हार्मोनिक जवळजवळ नाहीसा होतो. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) तिरपे धरले तर तार घासली जाते, सपाट धरले तर ती सुटते. डाव्या हाताचा व्हायब्रेटो किती रुंद आणि किती सावकाश, बेंड (तार ताणून स्वर चढवणे) स्वरापर्यंत नेमका पोहोचतो की अलीकडेच दमतो, हे सारे त्या हाताचेच. इथपर्यंत आपण आणि मी एकाच गाडीत बसलेलो आहोत.

पण जेफ बेकचे उदाहरण आपण निवडले, आणि ते चुकीचे निवडले. ऐंशीच्या दशकात त्यांनी पिक सोडून दिले व ते अंगठ्याने आणि बोटांनी वाजवू लागले, हे खरेच आहे. मात्र त्या वेळी त्यांच्या उजव्या हाताखाली काय होते ते पाहा. त्यांच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा व्हॉल्यूम नॉब तारांच्या इतका जवळ असतो की करंगळी सहज त्याच्यावर पोहोचते. ब्रिज असा अधांतरी बसवलेला की ट्रेमोलोची दांडी दाबली तर स्वर उतरावा आणि उचलली तर चढावा. तारा नटमध्ये (मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांत) अडकून बेसूर होऊ नयेत म्हणून तिथे छोटे रोलर. अंगठा तार छेडतो, करंगळी नॉब फिरवून आघाताचे टोक लपवते, आणि हाताची उरलेली बोटे दांडीवर स्वराला मींड दिल्यासारखी हलत असतात. आपण ज्याला ‘बोटे’ म्हणता ती ही बोटे. त्यांच्या हाती दांडी नसलेली, नॉब वीतभर लांब असलेली गिटार दिली असती तर ते उत्तमच वाजले असते, पण ते वाजवणे हे नसते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यांच्या हाती लेस पॉल ही निराळ्या घडणीची गिटार होती, तेव्हाचे ध्वनिमुद्रण आणि नव्वदीनंतरचे ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐका. माणूस एकच, पण हात वेगळे बोलतात.

फझ फेसचे साल आपल्याला पाठ आहे, तर त्याच्या आत काय असते तेही ठाऊक असेलच. दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग. त्याचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) इतका कमी असतो की गिटारचा पिकअप (तारांखालचे चुंबकी वेटोळे) आणि पेडल मिळून एकच सर्किट होऊन जाते. म्हणून गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातावर आणला की तोच राक्षसी आवाज काचेसारखा स्वच्छ होतो. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स हा खेळ एकाच गाण्यात अनेकदा खेळत. आता गिटार आणि फझ यांच्या मध्ये एक बफर (दोन्ही सर्किटे एकमेकांपासून वेगळी ठेवणारा भाग) असलेले साधे पेडल लावा. व्हॉल्यूम कमी केला की आवाज फक्त लहान होतो, स्वच्छ होत नाही. ज्याला आपण ‘टच’ म्हणतो तो पेडल जोडणाऱ्या एका तीन इंची पॅच केबलच्या जागेवरून नाहीसा होतो. सहा मीटर लांब साध्या केबलनेही तीन मीटर केबलच्या तुलनेत पिकअपचे रेझोनन्स (ज्या वारंवारतेला तो सर्वाधिक घुमतो ती) खाली ओढले जाते आणि वरची धार बोथट होते, हे कोणालाही घरी ताडून पाहता येईल. बोटांना याचा पत्ता नसतो.

‘जर्मेनियम आणि सिलिकॉन हा केवळ अंधश्रद्धेचा विषय’ असेही आपण जाता जाता म्हटले आहे. त्यावर सिद्धांत न सांगता घडलेली गोष्ट सांगतो. मी नागपूरचा. नव्वदच्या दशकात लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे आणि आयात पेडल घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने भंगारातल्या सेटमधून काढून दिलेल्या एसी १२८ या जातीच्या दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर मी स्वतः फझ बांधला होता. साबणाच्या पत्र्याच्या डबीत. थंडीत तो अप्रतिम वाजे. मे महिन्यात, लॉनवरच्या मांडवात पाच वाजता साउंड चेक करताना, तोच पेडल घसा बसल्यासारखा फुरफुरू लागे आणि लांबवलेला स्वर मध्येच तुटे, कारण उष्णतेने जर्मेनियममधली गळती वाढते आणि सर्किटचा तोल ढळतो. आमचा ढोलकवाला, ज्याला या शास्त्राशी काही देणेघेणे नव्हते, तो डबी उचलून कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर दहा मिनिटे ठेवी आणि आवाज परत येई. बोटे तीच, माणूस तोच, लग्नही तेच. दहा मिनिटांत माझ्या बोटांत टोन परत भरला गेला, असे आपले म्हणणे असेल तर मग मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

रियाजाविषयी आपण जो टोमणा मारला आहे त्याला उत्तर द्यायचे तर थोडे स्वतःविषयी बोलावे लागेल, आणि ते मला रुचत नाही. पण आपणच वेळ आणली आहे. सभेच्या कर्ण्यांसाठी असलेला एक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प घेऊन मी दहा वर्षे वाजवले, रोज, परीक्षेच्या दिवसांतही. त्या अ‍ॅम्पला हळू छेडलेले आणि जोरात छेडलेले यांतला फरक फक्त आवाजाच्या आकारात कळत असे. त्यामुळे माझ्या मनगटाला एकच ताकद ठाऊक होती: पूर्ण. २००१ मध्ये मुंबईत एका मित्राच्या स्टुडिओत पहिल्यांदा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पसमोर बसलो. त्याने व्हॉल्यूम सहावर ठेवला होता. मी माझा नेहमीचा चार मात्रांचा तुकडा वाजवला आणि चिखल झाला. सगळे स्वर एकमेकांत कालवले गेले, न छेडलेल्या तारा मागे गुरगुरत राहिल्या. काचेपलीकडून मित्र म्हणाला, ‘अरे, अर्ध्या ताकदीने मार. उरलेलं काम त्याला करू दे.’ मी गिटारचा व्हॉल्यूम सातावर आणला, पिकचे टोक नखाएवढे बाहेर ठेवले, तळव्याची कड ब्रिजवर टेकवली आणि तोच तुकडा पुन्हा वाजवला. स्वर जिथे मला फाटायला हवा होता तिथेच फाटला. पुढचे तीन महिने मी फक्त मनगट सैल करण्यात घालवले. दहा वर्षांचा रियाज होता, साहेब, कमी नव्हता. त्या रियाजाने हाताला एकच गोष्ट शिकवली, कारण समोरच्या पेटीला तेवढीच कळत होती. हात शिकतो तो समोरून जे परत येते त्याच्याकडून. लेखात मी हेच म्हटले होते, आणि आपल्या प्रतिक्रियेत याचाच तेवढा उल्लेख नाही.

हा मुद्दा गिटारवाल्यांना पटवावा लागतो, याचे मला नवल वाटते. आपल्याकडे कोणी गवय्याला सांगून पाहावे की सूर गळ्यात असतो, तेव्हा जवारी उतरलेला तंबोरा चालवून घ्या. मिरजेच्या कारागिरांकडे तंबोरे घेऊन जाणारी माणसे काय दुकानदारीसाठी जातात? घोडीवर तारेखाली सरकवलेला तो सुताचा दोरा एका केसाने मागेपुढे झाला तर पुढे बसलेल्याचा षड्ज बदलतो, आणि गाणारा ते पहिल्या मिनिटात ओळखतो.

सामग्री म्हणजे महाग सामग्री, हे समीकरण आपण माझ्या तोंडी घातले आहे. क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार बांधायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, ट्रेमोलोला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. पिक म्हणून ते सहा पेन्सचे नाणे वापरतात, त्याच्या खाचदार कडेने तारेवर एक बारीक किरकिर उमटते. समोर व्हॉक्स एसी ३० हा अ‍ॅम्प पूर्ण उघडलेला, आणि गेन (आवाज किती फाटावा ते) कमीजास्त करायचा तो गिटारच्या नॉबवरून. यातले बोटांचे किती आणि नाण्याचे किती, हे सांगणारा तराजू आपल्याजवळ असेल तर मला पाहायला आवडेल. अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा दाखलाही आपण दिला आहे: टेड न्यूजंट हे दुसरे गिटारवादक त्यांच्या सगळ्या सामग्रीवर वाजले आणि तरी न्यूजंटच वाजले. ही गोष्ट न्यूजंट यांनीच सांगितलेली आहे आणि मला ती मान्य आहे. पण व्हॅन हेलन यांनी स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाचे, कारखान्यात दुय्यम ठरलेले धड कोरून त्यात गिब्सन कंपनीचा हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) बसवला, बाकीचे वायरिंग काढून एकच नॉब ठेवला, आणि भिंतीतून येणारी वीज व्हेरिअ‍ॅकने कमी करून अ‍ॅम्पला दिली, हे त्यांनी कशासाठी केले असेल? बोटांत सगळे असताना? त्या एकुलत्या नॉबवर ‘टोन’ असे लिहिलेले होते आणि तो होता व्हॉल्यूमचा. आपल्या वादावर याहून नेमकी टिप्पणी मला सुचत नाही.

उरलेल्या मुद्द्यांना थोडक्यात. जाड तारांचे कौतुक मी केलेले नाही. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन .०१३ इंचाची पहिली तार लावून अर्धा स्वर उतरवत, एवढे सांगितले. झीझी टॉप या बँडचे बिली गिबन्स .००७ ची लावतात आणि त्यांचा आवाज काही किरकोळ नाही. हे वाक्य लेखात घालायला हवे होते, ते घालतो. मॉडेलर आणि हेडफोन यांविषयी माझा अनुभव तोकडा आहे आणि लेखाचा तो विषयही नव्हता. प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट यावी, ही अपेक्षा मला कधी समजली नाही. हिंदी चित्रपटसंगीतातल्या गिटारवर स्वतंत्रपणे लिहायचे आहे, आणि ते लिहीन तेव्हा आपण फझ फेस का नाही असे विचाराल, अशी भीती आहे.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, ‘दुकानदारी’ या शब्दासकट ती आहे तशीच ठेवली आहे. लेखातले १९६८ हे साल आज सकाळी खोडून १९६६ केले आहे.